दूरचे फडताळ

दिवाळीच्या सुटीत भाच्याने जुन्नरच्या आमच्या संगणकात पत्ता आणि परवलीचा शब्द घातला आणि पडद्यावर एक नवे फडताळ उघडले. "मामा, हे दिसतं इथे, पण आहे दूरच्या यंत्रावर. 1999 साली ठरलेली 'वेबडॅव्ह'ची रीत ही!"

डिंभे धरणात बुडालेल्या जुन्या आंबेगावातल्या घरांची वडिलांनी केलेली यादी मी त्यात ठेवली. ठाण्याची ताई आठवतील ती माणसे तीत भरी. तेवढा वेळ माझ्या बाजूने कुलूप!

एके रात्री आवराआवर करताना 'आपली नक्कल' म्हणून मी ती फाईल पुसली. नक्कल कसली, तीच अस्सल होती! कचऱ्याच्या टोपलीतही सापडेना. सकाळी ताईचा फोन : "अरे, आपलं गाव कुठे गेलं?" पोटात गोळाच आला. नशीब, आदल्याच दिवशी तिने एक प्रत आपल्या संगणकात उतरवून घेतली होती.

तालुका अजून आंबेगावच. कचेरी घोडेगावला आणि गाव पाण्याखाली. नाव एकीकडे, वस्तू भलतीकडे, हे आम्हांला यंत्राने का शिकवावे?

आता प्रती दोन ठेवतो. गाव एकदा बुडाले तेवढे पुरे.