राज्य गेल्यावर उरलेला संघ

भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच त्याला त्यातली चूक दिसू लागते, आणि दिसली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. या खोडीपायी मी एकदा माझ्या वडिलांशी जसा वागलो, त्याविषयी लिहिणे आजवर टाळत आलो. विषय वरकरणी क्रिकेटचा आहे. १९४१ ते १९५५ असे अवघे चौदा हंगाम रणजी करंडक स्पर्धेत खेळून नाहीशा झालेल्या होळकर संघाचा.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगर ओलांडला की बुऱ्हाणपूरचा मुलूख लागतो. वडील मॅट्रिक झाल्यावर १९४९ साली शिक्षणासाठी इंदूरला मावशीकडे गेले आणि चार वर्षे राहिले. नांदुऱ्याहून भुसावळ, तेथून खंडवा आणि खंडव्याला गाडी बदलून मीटरगेजने इंदूर, असा तो प्रवास. कॉलेजात आपण फारसे काही शिकलो नाही, जे शिकलो ते यशवंत क्लबच्या मैदानाच्या कडेला बसून, असे ते सांगत. तिथे त्यांनी पन्नाशी उलटलेल्या सी. के. नायडूंना फलंदाजी करताना पाहिले होते. पुढे घरच्या अडचणीमुळे शिक्षण अर्धे टाकून ते परत आले, एका जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागले आणि उरलेले आयुष्य त्यांनी सरकीच्या आणि गाठींच्या हिशेबात काढले. इंदूर त्यांना पुन्हा दिसले नाही. मात्र ‘आपली टीम’ हे दोन शब्द त्यांनी उच्चारले, की त्यांचा अर्थ होळकर असाच असे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे त्यांच्या तोंडी ते नाव कायम ‘होयकर’ असे येई.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मी नुकताच अध्यापक झालो होतो, आणि एका रविवारी कॉलेजातले चार सहकारी घरी जेवायला आले होते. बोलता बोलता मुंबईच्या क्रिकेटचा विषय निघाला. मुंबईने १९५८-५९पासून १९७२-७३पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, तो सुवर्णकाळ सर्वांच्या बोलण्यात होता. एका पाहुण्याने सौजन्य म्हणून वडिलांना विचारले, “काका, तुमची टीम कोणती? मुंबईच ना?” वडील म्हणाले, “नाही. होयकर.”

मी हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मी खुलासा करू लागलो. आधी उच्चार दुरुस्त केला. मग म्हणालो, “बाबा, ती टीम १९५५ सालीच संपली. आपली टीम विदर्भ.” आणि पुढे, पाहुण्यांवर छाप पाडण्याच्या भरात, नकाशाच मांडला. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, म्हणून रणजी स्पर्धा १९३४ साली सुरू झाली तेव्हा बुलढाण्याचा संघ ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हा होता. १९५० साली त्या प्रांताचे मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूर. तेव्हा इंदूर त्या राज्यात नव्हतेच, ते मध्य भारतात होते. १ नोव्हेंबर १९५६ला इंदूर मध्य प्रदेशात आले, आणि त्याच दिवशी आपण विदर्भासह मुंबई राज्यात गेलो. म्हणजे बुलढाणा आणि इंदूर एका राज्यात कधी आलेच नाहीत. “तेव्हा होळकर ही आपली टीम कधीच नव्हती,” असा निष्कर्ष मी काढला.

वडील एवढेच म्हणाले, “खरं आहे बाप्पा तुहं,” आणि पाण्याचा तांब्या भरून आणायला उठले. त्यानंतर कित्येक वर्षे ‘आपली टीम’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत.

माझा एकही सन चुकला नव्हता. निष्कर्ष कुठे चुकला, हे कळायला मला फार वेळ लागला, कारण त्यासाठी ज्या संघाविषयी मी बोलत होतो त्याचा इतिहास वाचणे भाग होते.

सी. के. नायडूंचा जन्म नागपूरचा, १८९५चा. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात कप्तानपद दिले. १९२६ साली मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या, आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत ते कर्णधार होते. इंदूरचा परिसर रणजी स्पर्धेत आधी ‘मध्य हिंदुस्थान’ या नावाने खेळे. १९४१-४२च्या हंगामापासून यशवंतराव होळकरांच्या आश्रयाखाली संस्थानाच्या नावाचा संघ उतरला. नायडू त्याचे कर्णधार झाले, आणि इंदूरचेच मुश्ताक अली त्याची शान.

हा संघ इंदूरच्या मातीतून उगवलेला होता म्हणावे, तर बाकीची नावे वेगळे सांगतात. चंदू सरवटे सागरचे, त्यांनी सुरुवात ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’कडून केली होती. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, १९४८च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढणारे. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा उच्चांक नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्धी संघ सामना सोडून गेला, म्हणून तो विक्रम राहून गेला. १९४५च्या अंतिम सामन्यात तर महूच्या लष्करी छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळला. मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावांचा डोंगर रचला होता. उत्तरादाखल कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा काढल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली, आणि तरीही होळकर ३७४ धावांनी हरला. शंभरानंतरच्या प्रत्येक धावेला बक्षीस कबूल करणारा इंदूरचा एक धनिक खेळ संपल्यावर तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला निघून गेला, अशी आख्यायिका आहे. वडील ती अनेकदा सांगत, आणि सांगताना त्या शेठजीवर दर वेळी नव्याने चिडत.

पुढच्याच हंगामात होळकरने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतके: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. त्यांतली चार आडनावे मराठी आहेत. रणजी स्पर्धेतला हा उच्चांक १९९३-९४पर्यंत टिकला. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पन्नाशीच्या नायडूंनी द्विशतक झळकावले, आणि करंडक पहिल्यांदा होळकरकडे आला. त्यानंतरच्या वर्षी बडोद्याने परतफेड केली. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, आणि दोघांची ५७७ धावांची भागीदारी. एकेकाळी दिल्लीपर्यंत घोडदौड केलेली होळकर आणि गायकवाड ही दोन घराणी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर चेंडूफळीच्या मैदानात एकमेकांसमोर उभी होती. मराठी माणसाच्या क्रिकेटचा इतिहास शिवाजी पार्कपाशी सुरू होऊन तेथेच संपतो असे मानणाऱ्यांनी हे दोन अंतिम सामने एकदा नजरेखालून घालावेत.

माझी चूक मला उमगली ती मात्र एका साध्या मोजणीत. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आले आणि होळकरांचे राज्य त्यात विलीन झाले. तोवर होळकर संघाचे सात हंगाम झाले होते. त्यांत चार वेळा तो अंतिम सामन्यात पोचला, दोनदा जिंकला. राज्य गेल्यावरही संघ त्याच नावाने आणखी सात हंगाम खेळला. या सात हंगामांत त्याने सहा वेळा, तेही सलग, अंतिम सामना गाठला, आणि १९५०-५१ व १९५२-५३ अशी दोन विजेतेपदे मिळवली. म्हणजे ज्या राज्याचे नाव तो लावत होता ते नकाशावरून पुसले गेल्यानंतरच तो अधिक सातत्याने जिंकत राहिला. वडील इंदूरला पोचले १९४९मध्ये. त्यांनी पाहिलेला प्रत्येक सामना नसलेल्या राज्याच्या संघाचा होता. संघ ‘आपला’ ठरण्यासाठी नकाशा लागतो, हे मी पाहुण्यांसमोर ठासून सांगत होतो. त्या संघाने सात वर्षे याच्या उलट सिद्ध करून दाखवले होते, आणि ते माझ्या समोर बसलेल्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

१९५५-५६पासून होळकर हे नाव जाऊन मध्य भारत आले. तेही दोनच हंगाम टिकले. १९५७-५८मध्ये नव्या मध्य प्रदेशाच्या शेजारी विदर्भाचा संघ प्रथमच उतरला. नायडू साठी ओलांडल्यावरही १९५६-५७मध्ये उत्तर प्रदेशाकडून खेळले, आणि १९६७ साली इंदूरलाच वारले.

असे संघ इतरत्रही झाले. स्कॉटलंडमध्ये रग्बी व्यावसायिक झाल्यावर १९९६ साली उत्तर व मध्य भागासाठी ‘कॅलेडोनिया रेड्स’ हा संघ उभारला गेला, आणि १९९८ साली तो ग्लासगोच्या संघात मिसळून टाकण्यात आला. तिथे कारण पैशाचे होते, आपल्याकडे राज्यपुनर्रचनेचे. दोन्हीकडे निर्णय घेणाऱ्यांचा हिशेब बिनचूक होता. फक्त मैदानाच्या कडेला बसणाऱ्या माणसाने यापुढे कोणाच्या नावाने ओरडायचे, हा रकाना त्या हिशेबात नव्हता.

आम्ही साहित्याचे लोक याच हिशेबाने चालतो, हे मला नंतर जाणवत गेले. प्रादेशिक साहित्य शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर पाच-सहा विभाग लिहिले: कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली. पण त्या फळ्यावर माळव्याला कधी जागा मिळाली नाही, कारण आजच्या महाराष्ट्राच्या सीमेत ते बसत नाही. एकाही विद्यार्थ्याने त्याविषयी विचारले नाही. मीच तसे शिकवले होते.

२०१७च्या डिसेंबरअखेर विदर्भाचा संघ साठ वर्षांत प्रथमच रणजीच्या अंतिम सामन्यात पोचला. समोर दिल्ली होती, आणि सामना होता इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. वडील तेव्हा पंच्याऐंशीचे होते. चारही दिवस ते टीव्हीसमोरच्या खुर्चीतून फारसे हलले नाहीत. रजनीश गुरबानीने पहिल्या डावात त्रिक्रमासह सहा बळी घेतले. अक्षय वाडकरने शतक काढले. अकोल्याचा आदित्य ठाकरे आपला पहिलाच प्रथम दर्जाचा सामना खेळत होता, तो गोलंदाजीला आला की वडील चष्मा सावरून पुढे सरकत. कर्णधार फैज फझल नागपूरचा, तर प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी वसीम जाफर हे दोघे मुंबईचे. हाही संघ काही एकाच मातीचा नव्हता. १ जानेवारी २०१८ला विदर्भाने नऊ गडी राखून करंडक जिंकला.

“मैदान ओयखू येत नाही,” वडील म्हणाले.

मी ताबडतोब सांगितले, की हे मैदान वेगळे आहे, तुमच्या वेळचे सामने यशवंत क्लबवर होत, याला होळकरांचे नाव अगदी अलीकडे, २०१० साली दिले. खोड गेली नव्हती.

“ते मले माहीत आहे,” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “सरवटे खेयले होते ना रे विदर्भाकडून?”

मी म्हणालो, “नाही बाबा. सरवटे होळकरचे. मग मध्य भारत, मध्य प्रदेश.”

ते काही बोलले नाहीत. रात्री मला स्वस्थता लाभेना, म्हणून नोंदी पाहिल्या. सरवट्यांच्या नावापुढे संघांची मोठी यादी होती: मध्य प्रांत व वऱ्हाड, महाराष्ट्र, मुंबई, होळकर, मध्य भारत, मध्य प्रदेश, आणि शेवटी, कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, विदर्भ. बदलत्या नकाशाने आखलेल्या बहुतेक सगळ्या रेषा हा माणूस बॅट घेऊन ओलांडून गेला होता. वडिलांचे बरोबर होते. त्यांना सन आठवत नव्हता, माणूस आठवत होता.

सकाळी चहाच्या वेळी मी त्यांना म्हणालो, “बाबा, तुमचं बरोबर होतं. सरवटे विदर्भाकडूनही खेळले.”

त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “मंग झालं तर.”

वडील २०२०मध्ये गेले. विदर्भाने त्यानंतर २०२४-२५चा करंडकही जिंकला, केरळविरुद्ध, नागपुरात. मी एकटाच पाहत होतो. शेवटचा दिवस संपला तेव्हा ‘आपली टीम’ असे शब्द नकळत माझ्या तोंडून आले. कोणती, असे विचारणारे घरात कोणी नव्हते.