मेलं कोण?

दुपारी वर्गात ज्ञानेश्वरीचा अध्याय शिकवणाऱ्या माणसाने रात्री उशाशी खुनाची कादंबरी घेऊन पडावे, हे पुष्कळांना विपरीत वाटते. मला तसे वाटत नाही. दिवसभर शांतरसाची चर्चा केल्यावर रात्री थोडा भयानक रस चाखायला काय हरकत आहे? शिवाय खुनाची गोष्ट ही मोठी शिस्तीची गोष्ट असते. प्रेत सापडते, गुप्तहेर येतो, संशयाचे बोट चार जणांवरून फिरून पाचव्यावर स्थिरावते, आणि आपण दिवा मालवून निर्धास्त झोपतो.

या शिस्तीतला एक मोठा नियम म्हणजे भुताला मज्जाव. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकाने १९२९ साली गुप्तहेरकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांत दैवी आणि अमानवी शक्तींना त्याने दारातूनच परत पाठवले. गंमत अशी की, हा नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता! आपल्या मराठीतही ही वाटणी बरीचशी पाळली गेली. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू ही गुन्हेगारांशी झुंजणारी मंडळी. नारायण धारपांचे समर्थ मात्र थेट पिशाच्चांशी सामना करणारे. दोघांची बिऱ्हाडे वेगळी.

ही भिंत पाडून गुप्तहेर आणि भूत यांना समोरासमोर बसवणारी एक कादंबरी माझ्या मनात घर करून राहिली आहे. विल्यम पीटर ब्लॅटी यांची 'लीजन'. ती १९८३ साली प्रसिद्ध झाली. 'द एक्झॉर्सिस्ट' या त्यांच्या १९७१ च्या गाजलेल्या कादंबरीचा हा पुढचा भाग. १९९० मध्ये ब्लॅटींनी स्वतःच दिग्दर्शन करून तिच्यावर 'द एक्झॉर्सिस्ट थ्री' हा चित्रपट काढला. त्यात जॉर्ज सी. स्कॉट हा थोर नट पोलिस अधिकारी किंडरमन झाला आहे.

कथेचे स्थळ वॉशिंग्टनमधला जॉर्जटाऊन हा भाग. पोटोमॅक नदीच्या काठी एका बारा वर्षांच्या मुलाचा अत्यंत क्रूर खून होतो. पाठोपाठ आणखी खून पडतात. प्रत्येक प्रेतावर 'जेमिनी' नावाच्या खुन्याची खूण असते. आता अडचण एवढीच की, हा जेमिनी मरून कित्येक वर्षे झालेली आहेत. चित्रपटात तर सरकारनेच त्याला विजेच्या खुर्चीत बसवून पंधरा वर्षांपूर्वी यमसदनाला धाडलेले असते.

कोणी नक्कल करीत असेल, असे आपण म्हणू. किंडरमनही आधी तोच विचार करतो. पण ब्लॅटींची खरी करामत इथे आहे. पोलिसांनी त्या काळी वर्तमानपत्रांना मुद्दाम खोटी माहिती दिलेली असते. जेमिनी उजव्या हाताची तर्जनी तोडत असे आणि डाव्या तळहातावर चिन्ह कोरत असे. छापून आले ते भलतेच बोट आणि भलतीच जागा. खोटे कबुलीजबाब ओळखता यावेत म्हणून केलेली ही युक्ती. आणि नव्या प्रेतांवरच्या खुणा मात्र खऱ्या! त्यातून दोन खुनांच्या जागी सापडलेले बोटांचे ठसे दोन निरनिराळ्या माणसांचे. म्हणजे भूत इथे स्मशानातून येत नाही. ते पोलिसांच्या दप्तरातून, पुराव्याच्या वाटेने येते. म्हणूनच त्याची भीती जास्त वाटते.

पुढे इस्पितळातल्या मनोरुग्णांच्या एका बंद कोठडीत किंडरमनला एक रुग्ण भेटतो. चेहरा किंडरमनच्या मृत मित्राचा, फादर कारस यांचा, बोलणे जेमिनीचे. आणि इथून त्या पोलिस अधिकाऱ्याला त्या कोठडीचा ध्यास लागतो. तो पुनःपुन्हा तिथे जातो, खुर्ची ओढून बसतो आणि ऐकतो. खुनी आपल्या कृत्यांची वर्णने कलावंताच्या ऐटीत सांगतो. मात्र त्याचे मागणे अगदी साधे असते. वर्तमानपत्रांना सांगा, मी जेमिनी आहे आणि मी परत आलो आहे!

वाचताना मी इथे थबकलो. मेलेल्या माणसाला पैसा नको, सूड नको, सुटकासुद्धा नको. त्याला हवी आहे प्रसिद्धी. आपल्याला कोणी तरी ओळखावे, आपल्या नावावर कोणी तरी विश्वास ठेवावा. गुप्तहेराला खुन्याचा ध्यास असतो हे आपण जाणतोच. पण खुन्यालाही गुप्तहेराच्या ध्यासाची भूक असते, हे या कादंबरीने मला दाखवले.

ही भूक ब्लॅटींना कल्पनेने शोधावी लागली नाही. १९६८ आणि १९६९ या वर्षांत उत्तर कॅलिफोर्नियात स्वतःला 'झोडियाक' म्हणवणाऱ्या एका माणसाने निदान पाच जणांचे प्राण घेतले. ३१ जुलै १९६९ रोजी त्याने तीन वर्तमानपत्रांना पत्रे धाडली. सोबत सांकेतिक लिपीतला मजकूर होता. तो पहिल्या पानावर छापा, नाही तर आणखी माणसे मारीन, अशी धमकी होती. जानेवारी १९७४ मध्ये त्याने आणखी एक पत्र लिहिले आणि त्यात 'द एक्झॉर्सिस्ट' चित्रपटाची उत्तम विनोदी चित्र म्हणून वाखाणणी केली! जेमिनी घडवताना ब्लॅटींनी याच झोडियाकचा आधार घेतला. तो कधीच सापडला नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्याने पाठवलेले ३४० चिन्हांचे कोडे तीन हौशी अभ्यासकांनी, एक अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन आणि एक बेल्जियन, अखेर डिसेंबर २०२० मध्ये सोडवले. एक्कावन्न वर्षांनी! आणि आत काय निघाले? नाव नाहीच; मला शोधताना मजा येत असेल ना, अशा थाटाची चेष्टा.

एक्कावन्न वर्षे माणसे त्या कोड्यावर डोके आपटीत राहिली. बुद्धीच्या दृष्टीने ती करामत थोर, यात शंका नाही. पण त्या पाच जीवांची नावे आज किती जणांना येतील? झोडियाक म्हटले की सारे जग ओळखते.

आमच्या घरी एकदा जेवणानंतर मी मुलांना 'लीजन'ची गोष्ट सांगत होतो. मुले डोळे विस्फारून एकच विचारीत होती, "बाबा, मारलं कोणी?" वाती वळत बसलेली माझी आई मध्येच म्हणाली, "अरे, ते राहू दे. आधी मेलं कोण ते सांग." मी म्हटले, "बारा वर्षांचा एक मुलगा." तिचे हात थांबले. "अगं बाई! आई होती का रे त्याला?"

आपल्याकडे कोणी गेल्याची बातमी आली की म्हातारी माणसे हेच विचारतात. मागे कोण कोण आहे? अपमृत्यू असला तरी त्यांचा पहिला प्रश्न बदलत नाही. हा प्रश्न कोणत्याही रहस्यकथेत बसत नाही. पण मला वाटते, मारेकऱ्याच्या भुताला भ्यायला लावील असा हाच एक प्रश्न आहे.

किंडरमन मला आवडतो तो यामुळेच. तो ज्यू गृहस्थ सदा कुरकुरणारा. घरी सासूबाई आल्या आहेत, त्यांनी शिजवायला म्हणून जिवंत मासा आणून न्हाणीच्या टबात सोडला आहे, म्हणून तीन दिवस याला आंघोळ नाही! हे गाऱ्हाणे तो फादर डायर या मित्राला सांगतो. दरवर्षी कारसच्या मृत्युदिनी हे दोघे मिळून सिनेमाला जातात. आपण दुसऱ्याचे दुःख हलके करायला चाललो आहोत, असे प्रत्येक जण इतरांना सांगतो. पुढे डायरही त्या खुन्याला बळी पडतो. किंडरमन कोठडीत पुनःपुन्हा जातो तो खुन्याच्या बुद्धीला भुलून नव्हे. तो त्या मुलासाठी आणि त्या मित्रासाठी जातो. जगात इतके दुःख असताना देव कुठे आहे, हे त्याचे भांडणही त्यांच्याच वतीने आहे.

आपल्याकडे म्हणतात, वासना अडकली की पिंडाला कावळा शिवत नाही. मग कोणी तरी पुढे होऊन हात जोडतो, "तुमच्या माणसांना मी बघेन," म्हणतो, आणि कावळा शिवतो. मृतांना दिलेला शब्द पाळणे, हाच खऱ्या गुप्तहेराचा ध्यास. चित्रपटाच्या शेवटी निर्मात्यांच्या आग्रहामुळे मंत्रतंत्र आणि धुमश्चक्री आली. कादंबरीतला शेवट मला अधिक खरा वाटतो. जेमिनीचा सारा द्वेष त्याच्या बापावर असतो. तो बाप आपल्या मरणाने मरतो, आणि भुताला इथे राहायला कारणच उरत नाही. वासना सुटते, भूत जाते.

या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडू. नरकासुराने मरताना आपल्या नावाचा दिवस मागून घेतला, असे कथा सांगते. म्हणजे हीच ती भूक! त्याच्या बंदिवासातून सुटलेल्या सोळा हजार जणींची नावे मात्र आपल्याला कोणी शिकवली नाहीत. पण आपल्या पूर्वजांनी असुराची आठवण मोजून ठेवली: एक कारीट, जिभेला लावलेला एक कडू थेंब, बस्स. मग घरात वळायचे, दिवे लावायचे आणि माणसे मोजायची. कोण आले, कोण यायचे आहे, आणि यंदाच्या पंगतीत कोण नाही.