बाहेरचा गिलावा

आमचे घर होण्याचे हे चौथे वर्ष. 'झालं का घर?' असे कोणी विचारले की बाबा म्हणतात, 'होत आलंय', आणि आई म्हणते, 'होतंय'. या दोन उत्तरांत जेवढे अंतर आहे तेवढेच काम अजून शिल्लक आहे. पहिल्या वर्षी जोते झाले, दुसऱ्या वर्षी खानापूरच्या विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर स्लॅब पडला.

घर बांधताना नवी भाषाही शिकावी लागते. 'स्लॅब पडला' हे फोनवर ऐकून मावशी घाबरली होती. पण बांधकामाच्या भाषेत ती पेढे वाटण्याची बातमी असते. आमचे मेस्त्री बैलहोंगलकडचे. स्लॅब पडल्यापासून कॉलेजला जाण्यापूर्वी आणि आल्यावर त्यावर पाणी मारणे हे माझे काम. मी जरा टेकलो की खालून आवाज येई, "नीर हाकरी, नीर!" सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, म्हणून नवे काँक्रीट निदान सात दिवस ओले ठेवायचे आणि त्याची ताकद २८ दिवसांनी पाहायची. रसायनशास्त्राचा हा धडा मी हातात पाइप धरून शिकलो.

आपण म्हणतो, 'घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून'. मेस्त्री तेच कन्नडमध्ये म्हणतात, 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु'. आमच्याकडे दोन्ही एकदमच पाहायची वेळ आली होती, कारण अक्काला स्थळे येऊ लागली होती.

एप्रिलमध्ये हिशेब केला तेव्हा पैसे एकाच कामापुरते उरले होते. आत्याचे मत पडले, "बाहेरून गिलावा करून रंग द्या. पाहुणे आधी भिंती बघतात, मग मुलगी." बाबा चिडले. "लोकांना दाखवायला घर बांधत नाही मी. आधी आतलं काम. आधी हिचा ओटा." आई तीन वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये खाली बसून स्वयंपाक करत होती आणि उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागत होता. साहजिकच घरात सगळ्यांना बाबांचे म्हणणे पटले. अंतरंग खरे, बहिरंग हा नुसता देखावा, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलेलोच असतो.

त्याच आठवड्यात वळीव आला. तासभरच कोसळला, पण सकाळी पाहतो तो पश्चिमेची भिंत आतून ओली, आणि तिला टेकवून ठेवलेले गव्हाचे पोते कडेने भिजलेले. मेस्त्रींनी भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "मदल होरग माडरी." आधी बाहेरचे करा.

मग त्यांनी सगळे समजावून सांगितले. वीट पाणी पिते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, घाटाच्या जवळ. जून लागला की पश्चिमेचा वारा पाऊस तिरपा आणून भिंतीवर मारतो. म्हणून आतला गिलावा १२ मिलिमीटर पुरतो, पण बाहेरचा २० मिलिमीटर आणि दोन थरांत करायचा. पहिला थर गुळगुळीत करायचा नाही, ओरखडे काढून ठेवायचे, म्हणजे दुसरा त्याला धरून बसतो. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेजवळ एक बारीक खाच ठेवायची. मग पाणी तिथेच थेंबाथेंबाने गळते, उलटे फिरून भिंतीकडे येत नाही. ती खाच रस्त्यावरून कोणालाही दिसत नाही.

आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ओटा थांबेल. पाऊस थांबायचा नाही." बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिमेंटची पोती आली.

बाहेर जे करायचे ते लोकांसाठी आणि आत जे करायचे ते आपल्यासाठी, ही वाटणी मला तेव्हापासून पटेनाशी झाली आहे. आमच्या घराचा बाहेरचा गिलावा आतल्या माणसांसाठी आहे. त्याला अजून रंग नाही. येणारे-जाणारे त्या करड्या भिंतींकडे पाहून घर अर्धवट राहिले असे समजतात, आणि ते खरेही आहे. पण जून ते सप्टेंबर पश्चिमेची भिंत आतून कोरडी राहिली.

ऑगस्टमध्ये अक्काला बघायला पाहुणे आले. बाहेर पाऊस लागून राहिलेला, आत उघड्या विटा. आत्याचा जीव टांगणीला लागला होता. चहा पिता पिता त्यांच्यातल्या आजोबांनी मागच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "कोरडी आहे हो." एवढेच. लग्न वैशाखात करायचे ठरले आहे.

त्याआधी ओटा व्हायलाच हवा. मेस्त्रींनी स्वयंपाकघराच्या विटांवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. ओट्याची उंची त्यांनी आईला तिथे उभी करून तिच्या कोपरावरून ठरवली. कडप्पाही आणला आहे. सध्या तो रेघेखाली भिंतीला टेकून उभा आहे आणि आई रोज त्यावरची धूळ पुसते.