आटे जुळणे आणि दाब पेलणे

दहा मीटर एअर रायफल नेमबाजीत नळीखाली बसवलेल्या हवेच्या सिलिंडरकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही, परंतु अचूकतेचा मोठा भाग त्याच्यावर आणि त्याला जोडलेल्या झडपा, रबरी कड्या व दाबनियामक यांच्यावर अवलंबून असतो. दाबनियामक म्हणजे सिलिंडरमधील सतत उतरत जाणारा दाब खाली आणून प्रत्येक फैरीला तो सारखाच पुरवणारा भाग. या प्रकारातील लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर असतो. २०२२ मध्ये कैरो येथे ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी जागतिक विजेतेपद मिळवले ते याच लक्ष्यावर. अशा ठिकाणी वेगातील थोडासा फरकही गुणांत उतरतो, आणि दाब सारखा राहिला नाही तर वेगही सारखा राहत नाही.

नागपूरजवळच्या कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी जुनी आयात केलेली स्पर्धा-रायफल हाताशी असलेल्या हौशी नेमबाजापुढे या भागांचा प्रश्न कसा उभा राहतो, हे प्रस्तुत लेखकाच्या अनुभवावरून पाहता येते. ही रायफल एका निवृत्त नेमबाजाकडून आली होती; तिची नळी व चाप उत्तम स्थितीत होते, मात्र सिलिंडरवर कोरलेली निर्मितीची तारीख दहा वर्षांहून जुनी होती. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार मुदत संपलेला सिलिंडर वापरला जाऊ नये ही जबाबदारी नेमबाजाची स्वतःची मानली जाते, आणि निर्माते ही मुदत साधारणपणे दहा वर्षांची देतात.

येथे एक भेद आधीच स्पष्ट केला पाहिजे. काडतुसाच्या रायफलीत ‘गॅस प्रणाली’ म्हणतात ती नळीतून निघणाऱ्या जळत्या वायूचा काही अंश दट्ट्याकडे वळवून पुढचे काडतूस आपोआप भरणारी यंत्रणा. तिचे सुटे भाग भारतात खुल्या बाजारातील वस्तू नाहीत, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात आणि परवान्याविना ती बनवणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. एअर रायफलीत जळणारे काहीच नसते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ठरवलेली २० जूलची ऊर्जामर्यादाही ती ओलांडत नाही, कारण अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छरा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने निघाला तरी त्याची ऊर्जा आठ जूलच्या आसपास भरते. म्हणून प्रस्तुत विवेचन हवेच्या रायफलीपुरतेच आहे.

पर्यायी सिलिंडरचा शोध सुरू होताच पहिली अडचण आट्यांची आली. निर्मात्यागणिक आट्यांचा व्यास व अंतर वेगळे असते, आणि एकाच निर्मात्याच्या दोन पिढ्यांतही ते सारखे असतीलच असे नाही. एका विक्रेत्याने जुन्या कार्बन डायऑक्साइड रायफलीचा सिलिंडर देऊ केला, त्याचे आटे ‘बसतात’ असे सांगितले, आणि ते खरोखर बसतही होते. तरीही तो स्वीकारण्याजोगा नव्हता. हवेच्या सिलिंडरमध्ये हवा २०० बारपर्यंत दाबून भरली जाते, तर कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात राहतो व २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब सुमारे ५७ बारच असतो. अशा दाबासाठी घडवलेली झडप २०० बारला लावणे म्हणजे केवळ आटे पाहून निर्णय घेणे होय. (विदर्भाच्या उन्हाळ्यात त्या जुन्या पद्धतीची स्वतःची वेगळी पंचाईत होती: ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात टिकतच नाही, आणि नागपूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान त्याहून बरेच वर जाते.)

दुसरा पर्याय गावातच होता आणि तो अधिक मोहक होता. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास लेथवर काम करणारे कुशल कारागीर आहेत, आणि दोन वेगळ्या आट्यांमध्ये बसणारा पितळी जोड काढून देणे त्यांना मुळीच अवघड नाही. आटे कापण्यातील त्यांच्या हाताबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. परंतु जोडाचा धातू कोणत्या प्रतीचा आहे, आट्यांच्या तळाशी ताण कसा साठतो आणि शेकडो वेळा भरल्या-सोडल्यावर तो जोड कसा वागेल, याची चाचणी त्या कामात अंतर्भूत नसते. मूळ भाग बनवणारा निर्माता किमतीत प्रामुख्याने याच चाचणीचे पैसे घेतो, असे म्हणावे लागते. हा पर्याय त्यामुळे सोडून देण्यात आला.

रबरी कड्यांच्या बाबतीत मात्र स्थानिक बाजार उपयोगी पडला. ओ-रिंग म्हणजे दोन धातूंच्या सांध्यातून हवा सुटू नये म्हणून बसवलेली गोल छेदाची कडी. तिचा आतला व्यास व जाडी ही दोन मापे जुळली की ती मिळाली असे दुकानात समजले जाते, आणि पाण्याच्या पंपापुरते ते पुरेसेही असते. उच्च दाबाला तिसरे माप लागते, ते कठीणपणाचे. शोअर या मोजपट्टीवर ७० कठीणपणाची नेहमीची नायट्राइल कडी २०० बारला हळूहळू फटीत ढकलली जाऊन कुरतडल्यासारखी होते, तर ९० कठीणपणाची तग धरते. तिच्यावर लावायचे वंगणही सिलिकोनचे असावे लागते, कारण खनिज तेल दाबाखालील हवेत अचानक तापून पेट घेऊ शकते. याच कारणाने अशा सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरला जात नाही.

सिलिंडरच्या सुरक्षिततेबद्दल कायदा काय म्हणतो हे पाहू जाता एक विलक्षण गोष्ट आढळते. देशभरातील वायू सिलिंडरांच्या मंजुरीचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे, आणि कळमेश्वरहून काटोल मार्गाने शहरात शिरणाऱ्याच्या ते जवळपास वाटेवरच पडते. परंतु २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत सिलिंडरची व्याख्या ५०० मिलिलिटरहून अधिक धारकतेच्या धातूच्या बंद पात्रापासून सुरू होते, आणि रायफलीचा सिलिंडर त्याहून बराच लहान असतो. ज्या मोठ्या सिलिंडरमधून हवा भरायची तो नियमांच्या कक्षेत येतो, त्याची ठरावीक काळाने पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते व तारीख त्याच्या खांद्यावर ठोकली जाते. ज्या छोट्याजवळ चेहरा ठेवून नेमबाज तासभर उभा राहतो त्याची मात्र व्याख्येतच नोंद नाही. लहान पात्रात साठणारी ऊर्जा कमी असते हे या सवलतीमागील तर्कशास्त्र समजण्याजोगे आहे, परंतु चेहऱ्यापासूनचे अंतर त्या तर्कात धरलेले दिसत नाही.

भरण्याच्या जोडातही जुळणीचा एक सूक्ष्म प्रश्न आहे. २०० आणि ३०० बारच्या डिन पद्धतीच्या जोडांचा व्यास एकच असतो, पण ३०० बारच्या जोडाचे आटे लांब ठेवलेले असतात, जेणेकरून कमी दाबाचा आखूड जोड अधिक दाबाच्या झडपेत फिरवला तरी त्याची कडी तळाला टेकत नाही, हवा बाहेर फुसफुसते आणि भरणे आपोआप थांबते. न जुळण्याची ही योजना मुद्दाम केलेली आहे. ती ‘दुरुस्त’ करण्यासाठी मध्ये वायसर घालण्याचा सल्ला नागपुरात मिळाला, तो अर्थातच घेतला गेला नाही.

अखेरीस मूळ निर्मात्याच्याच साखळीतून, त्याच पिढीच्या रायफलीसाठी असलेला नवा सिलिंडर मागवण्यात आला. तो यायला वेळ लागला आणि किंमत जुन्या रायफलीच्या मानाने बोचणारी होती. त्याच्याबरोबर वापराचा एक नवा शिरस्ताही आला. २५ अंशांना २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे २२३ बारवर जातो, म्हणून काटोल रस्त्यावरून सरावाला जाताना तो उन्हाळ्यात १८० च्या आसपासच भरला जातो आणि मोटारीत ठेवला जात नाही.

जुन्या सिलिंडरची विल्हेवाट लावताना मोठ्या सिलिंडरांसाठीचा नियमच आपणहून पाळण्यात आला. बाद ठरलेला सिलिंडर पुन्हा जोडता येणार नाही असा कापावा किंवा चेपावा, असे ते नियम सांगतात. त्यानुसार हवा पूर्ण सोडून, झडप काढून, तो लेथ असलेल्या त्याच कारागिराकडून मधोमध कापून घेतला गेला. भंगारवाल्याने ॲल्युमिनियमचा भाव वजनावर दिला आणि अखंड असता तर कोणीतरी जास्त दिले असते, असेही सांगितले.