भाट्याहून गणेशगुळ्यास : कयाकच्या प्रवासाचा पहिला दिवस

कोंकणचा समुद्र पाहिला नाहीं असें मराठी कुटुंब आज क्वचितच सांपडेल. परंतु समुद्रावरून कोंकण पाहिलेलीं माणसें मात्र फार थोडीं. एके काळीं मुंबईहून आगबोटीनें येणाऱ्या प्रत्येक उतारूस तें दर्शन घडत असे. सडकांनीं, आणि पुढें १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेनें, तो प्रघात मोडला. तें जुनें दर्शन घ्यावें म्हणून गेल्या माघांत आम्ही चौघें, त्यांत एक आमची पुतणी, दोन जोडकयाक घेऊन रत्नागिरीहून दक्षिणेस निघालों. प्रवास तीन दिवसांचा होता. परंतु नवख्या माणसाच्या साऱ्या शंका पहिल्याच दिवशीं उभ्या रहातात, म्हणून येथें त्याच दिवसाची हकीकत देत आहों.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती बनवीत. आमच्या कयाक प्लॅस्टिकच्या होत्या. बसणाराची कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीस येते, आणि वल्ह्याच्या दोन्ही टोकांस पातीं असतात. कोंकणांतील कित्येक लहान होड्यांस तोल राखण्यासाठीं उलांडी बांधलेली असते. कयाकला ती नसते. तोल बसणारानेंच सांभाळावयाचा, आणि समुद्रांत केव्हां शिरावयाचें व केव्हां बाहेर यावयाचें हें निघण्यापूर्वींच ठरवावयाचें.

हें ठरविण्याचें साधन आपल्या घरोघर असतें. तें म्हणजे पंचांग. पक्ष शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं त्या दिवशींच्या पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते. आमची तिथी माघ शुद्ध दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळीं साडेसातास भरती, दुपारीं दीडच्या सुमारास ओहोटी, आणि रात्रीं आठच्या सुमारास पुन्हां भरती. शिवाय अष्टमीनंतरच्या या एक-दोन दिवसांत सूर्याची व चंद्राची ओढ एका रेषेंत नसल्यामुळें पाणी फार चढत नाहीं व फार उतरतही नाहीं. हिलाच भांगाची भरती म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण टाळून आम्हीं दशमी धरली ती याचसाठीं.

राजिवड्याच्या बाजूस, काजळी नदीच्या खाडीकांठीं, आम्ही कयाक पाण्यांत लोटीत असतां एक वृद्ध तांडेल जाळें सांधीत बसले होते. आमचा हिशेब त्यांनीं ऐकून घेतला व म्हणाले, "भरती तुम्हीं बरोबर धरलीत. पण वारा पंचांगांत नसतो. दोन प्रहरांच्या आंत वाळूला लागा."

पाणी वळतांच त्याच्या ओढीबरोबर आम्ही भाट्याच्या पुलाखालून खाडीच्या तोंडाबाहेर पडलों. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा मतलई वारा अजून मंद चालू होता. मागें वळून पहातां मांडवीचा किनारा, त्यापलीकडे रत्नदुर्गाची टेंकडी व तीवरील दीपस्तंभ. डावीकडे भाट्याची सरळ पुळण व सुरूंचें बन. पुढें कासोप, फणसोप अशीं गांवें मागें पडूं लागलीं. सडकेनें जातांना हा प्रदेश नुसता उजाड सडा वाटतो. समुद्रावरून त्याचा उभा छेद दिसतो: खालीं लाटांनीं झिजलेला काळा खडक, वर तांबड्या जांभ्याचा थर, आणि घळीघळींतून उतरलेले माड. फणसोपच्या समोर दोन डॉल्फिन कांहीं वेळ आमच्या पुढें चालले होते.

वायंगणीच्या वाळूवर दडपे पोहे खाऊन आम्ही पुन्हां निघालों तेव्हां दहा वाजले होते. अकराच्या सुमारास, रनपारचें टोंक जवळ आलें असतां, वारा फिरला. उन्हानें जमीन पाण्याहून लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते, आणि समुद्रावरची हवा तिची जागा घेण्यास धांवते. हाच दुपारचा खारा वारा. पुढें पांवसच्या खाडीचें तोंड ओलांडावयाचें होतें. खाडींतून ओहोटीचें पाणी बाहेर येत होतें आणि वारा त्याच्या उलट आंत लोटीत होता. अशा जागीं लाट आंखूड व उभी होते. पुतणीनें विचारलें, "काका, ओहोटी संपेपर्यंत थांबूं या का?" प्रश्न रास्त होता. परंतु ओहोटी दीडास संपणार, आणि तोंवर वारा दुपटीनें वाढणार. मागें फिरावें तर तोच वारा तोंडावर येणार. अखेर, ओहोटीचा प्रवाह जेथें पसरून क्षीण झाला होता तेथपर्यंत बाहेर जाऊन, खाडीचें तोंड लांबून ओलांडावें असें ठरलें. दोन्ही कयाक हांकेच्या अंतरावर ठेविल्या. लाटा उजव्या कुशीवर मागून येत. प्रत्येक लाटेस कंबरेनें तोल द्यावा लागे. चाळीस मिनिटें कोणी एक अक्षर बोललें नाहीं. पुतणीचें वल्हें मात्र एकदांही चुकलें नाहीं. बारा वाजून गेल्यावर लाटेच्या पाठीवर सरळ नेम धरून आम्ही गणेशगुळ्याच्या वाळूला लागलों.

'गणेशगुळ्याचा गणपती पुळ्यास गेला' अशी म्हण या भागांत आहे. सायंकाळीं देवळांत जाऊन आलों. गांवकऱ्यांची संमति घेऊन तंबू झाडीच्या कडेस, मागील उधाणानें सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेच्याही वर ठोकले. कारण त्या दिवशींची ओली रेषा पाहून जागा निवडणें धोक्याचें. वाळूवर जाळ केला नाहीं, दिवेही झांकले. हिंवाळ्यांत या जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अंडीं घालण्यास येतात, आणि उजेडानें तीं व त्यांचीं पिल्लें दोन्ही बुजतात किंवा वाट चुकतात. खाडीपलीकडील गांवखडीस त्यांचीं घरटीं राखलीं जातात.

शेगडीवरची मुगाची खिचडी चांदण्यांत जेवलों. आठास पाणी चढलें, आणि तंबूंपासून बरेंच अलीकडे थांबून परतलें. दुसरे दिवशीं एकादशी. म्हणून निजण्यापूर्वीं साबूदाणा भिजत घातला आणि घड्याळाचा गजर पाऊण तास पुढें सारला. अकराची पाऊणपट सव्वाआठ.