कवेलूंतून उतरलेलं ग्रहण

१६ फेब्रुवारी १९८०. शनिवार, माघातली अमावस्या. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवारच्या बाजूनं देशात शिरून हैदराबादजवळून ओडिशाकडे गेला. आमच्या चोरखमारा गावाला खंडग्रासच दिसणार होतं, पण तयारी मात्र पूर्ण ग्रहणाची होती.

वेध लागायच्या आत मायनं चूल उरकली. पाण्याच्या गुंडावर, तुपात, लोणच्याच्या बरणीत आजीनं तुळशीची पानं टाकली. काकूला दिवस गेलेले, म्हणून विळी आणि सुई नजरेआड झाली. आबाजींनी नागझिऱ्याच्या जंगलाकडची गुरं दुपारच्या आतच गोठ्यात आणून बांधली. "पोट्टेहो, अंगणात पाय ठेवायचा नाही!" आजी म्हणाली आणि दाराला आडणा लागला.

आत अंधार. कवेलूंच्या फटींतून सारवलेल्या भुईवर नेहमी गोल कवडसे पडायचे. दुपार कलली तसे ते एकेका कडेनं झिजू लागले. थोड्या वेळानं भुईभर चंद्रकोरीच कोरी! आम्ही भावंडांनी हाताचे तळवे पुढे केले, त्यांच्यावरही कोर उतरली. बारीक छिद्रातून येणारा उजेड सूर्याचं चित्रच उमटवतो, हे पुढे शाळेत कळलं. ज्या ग्रहणापासून वाचवायला आम्हाला कोंडलं होतं, ते छपरातून घरात आलं होतं, आणि डोळ्यांना काहीही न होता आम्ही ते पाहत होतो.

मोक्षानंतर सगळे तळ्यावर न्हायला गेले. साठवलेलं पाणी ओतून दिलं, ताजं भरलं.

२४ ऑक्टोबर १९९५ ला, दिवाळीच्या दिवसांत, पुन्हा ग्रहण आलं, या वेळी सकाळी. तोवर आम्ही कर्ते झालो होतो. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून आम्ही पोरांना अंगणात उभं केलं, सूर्याकडे पाठ करून. खालच्या पांढऱ्या कागदावर सूर्य उमटला. आजी ओसरीवरून बघत होती. पोरांना जेवायला घाला, एवढंच ती म्हणाली.

त्या पिढीची भीती म्हणजे मायाच होती, हे आम्ही विसरलेलो नाही. ती माया आता डोळ्यांसाठी वापरावी. २० मार्च २०३४ चं खग्रास लडाखकडून जाईल, आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, काहीही चालणार नाही. प्रमाणित ग्रहणचष्मा आणा, नाहीतर टाचणीचा पुठ्ठा करा. गरोदर लेकीसुनांना उपाशी ठेवू नका. आणि पोरांसाठी दार उघडं ठेवा.