भंडारदऱ्याच्या काठाकाठाने

पुणतांब्याला गोदावरी आमच्या दारातून वाहते. पण आमच्या आजोबांचा जन्म गेला तो प्रवरेच्या पाटावर, दुसऱ्याच्या उसाला पाणी देण्यात. ते पाणी येते कुठून, हे त्यांनी कधी पाहिले नाही. नोव्हेंबरात माझी धाकटी लेक म्हणाली, "पप्पा, आपण तरी बघून येऊ." पाहुणेरावळे म्हणाले, दहावीतली पोर सायकलवर डोंगरात कशाला? सौ. म्हणाली, "जाऊ द्या तिला. माझे राहून गेले, तिचे राहू नये."

भाच्याच्या टेम्पोत घरच्याच दोन साध्या सायकली टाकल्या. सोबत भाकरी, ठेचा, शेंगदाणे, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान. संगमनेर, अकोले, राजूर करत सकाळी शेंडीला उतरलो. शेंडी हे भंडारदरा धरणालगतचे गाव. प्रवरेवरचे हे धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली पुरे झाले. उंची २७० फूट, साठा ११ टीएमसी. पाण्याभोवती गावागावांतून जाणारी वाट ४० किलोमीटरच्या आसपास भरते.

मुरशेत, पांजरे, उडदावणे असे निघालो. डाव्या हाताला निळे पाणी, उजव्या हाताला कळसूबाईची रांग, आणि पाण्यापलीकडे रतनगड. खाचरांत भाताची कापणी चालली होती. चढ आला की खाली उतरायचे आणि सायकल ढकलत चालायचे. लेक माझ्या पुढे होती, हे कबूल करायला लाज कसली!

उडदावण्याच्या पुढे माझे मागचे चाक बसले. ट्यूब काढली, पण भोक सापडेना. पायवाटेने पाण्यापर्यंत उतरलो आणि ट्यूब तळ्यात बुडवली. बुडबुडे आले. तोवर लेकीने तोंड धुतले आणि ओंजळ भरून पाणी प्याली. तिथे एक आदिवासी मावशी हंडा भरत होत्या. त्यांनी आम्हाला जात विचारली नाही. "लांबून आलात, दमला असाल," एवढेच म्हणाल्या.

मी मात्र हातातले काम विसरलो. हे धरण १९२६ च्या डिसेंबरात सुरू झाले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आतच, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना हजारोंना घेऊन जावे लागले. ११ टीएमसी पाणी अडवणाऱ्या राज्यात माणसाला एक ओंजळ मिळत नव्हती! लेकीला हे सांगितले. ती काही बोलली नाही. पुन्हा खाली वाकली आणि मावशींचा हंडा उचलून वर नेऊ लागली.

चढावर मावशी म्हणाल्या, "पाऊस आमच्यावर, धरण आमच्या दारात. पण उन्हाळ्यात पाणी खाली जाते आन् आमचा हंडा डोक्यावरच ऱ्हातो, पोरी." हे ऐकून मला आमचा पाट आठवला. खाली आम्ही दुसऱ्याच्या उसाला पाणी दिले, वर या मावशी पाण्याशेजारी राहून पाणी वाहतात. पाणी एकच, आणि दोन्ही टोकांना राबणारेही एकाच पंगतीचे.

घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण दिसले. पुढे साम्रद, आणि अंधार पडायच्या आत रतनवाडी. एका घरी मुक्कामाची सोय झाली. पिठले-भाकरी पोटभर मिळाली. सकाळी अमृतेश्वराच्या जुन्या देवळाचे दगडी कोरीवकाम पाहिले आणि रतनगडाच्या वाटेने ओढ्याकाठी चालत गेलो. प्रवरेचा उगम याच डोंगरात. इथे ती इतकी लहान आहे की लेकीने दगडांवर पाय देत ती ओलांडली. "पणजोबांची नदी एवढीशी!" म्हणून हसली. मग कोलटेंभे, मुतखेल करत दुपारी शेंडीला परत.

बांधवांनो, सहल म्हणजे श्रीमंतांचे काम, असे समजू नका. घरची सायकल आणि शिदोरी पुरते. वाटेत दुकाने थोडी आहेत. पिण्याचे पाणी व पंक्चरचे सामान जवळ ठेवा. पावसाळ्यात रस्ता निसरडा असतो. कचरा तिथे टाकू नका. ती तिथल्या लोकांची पाण्याची जागा आहे. आणि मुलींना न्या. आपल्या आज्यांना ज्या पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच्या उगमापर्यंत आपल्या लेकी स्वतःच्या पायांनी पोहोचल्या पाहिजेत.